नॅनो झिंक, सनस्क्रीन आणि वेल्डिंगचा पांढरा धूर: धातूंच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण पेशीचं काय करतात

जळगावच्या कृषी सेवा केंद्रात नॅनो झिंकची बाटली मिळते. शेजारच्या मेडिकलमध्ये झिंक ऑक्साइडवालं सनस्क्रीन मिळतं. आणि भुसावळ-धुळ्याकडे रस्त्यालगतच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पाइपवर वेल्डिंग चालू असताना जो पांढरा धूर उठतो, तोही झिंक ऑक्साइडच असतो. पदार्थ एकच, पण पानावर त्यातून पिकाला जस्त मिळतं, कातडीवर तो ऊन अडवतो आणि फुप्फुसात गेला तर त्याच रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

म्हणून ‘नॅनो चांगलं की वाईट’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. आधी विचारायचं की कण जिवंत पेशीपर्यंत पोहोचला का आणि किती पोहोचला. मग तो तिथे विरघळतो का, आणि विरघळत नसेल तर पेशीशी इलेक्ट्रॉनची देवघेव करतो का. एवढं कळलं की बराचसा गोंधळ मिटतो. कॉलेजच्या प्रोजेक्टमधले निष्कर्ष चुकतात तेही बहुतेक वेळा यातला एखादा प्रश्न न विचारल्यामुळेच.

लहान झाल्याने काय बदलतं

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. साधारण १ ते १०० नॅनोमीटरच्या कणाला नॅनोकण म्हणतात. कण गोल धरला, तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग म्हणजे ६ भागिले (घनता गुणिले व्यास). झिंक ऑक्साइडची घनता घनसेंटिमीटरला ५.६ ग्रॅम आहे. २० मायक्रॉनची पूड घेतली तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे ५३५ चौरस सेंटिमीटर येतो, म्हणजे वहीच्या एखाद्या पानाएवढा. तीच पूड २० नॅनोमीटरची असेल तर एका ग्रॅममध्ये साडेत्रेपन्न चौरस मीटर पृष्ठभाग उघडा पडतो. जळगावातल्या वन बीएचके फ्लॅटची फरशी साधारण एवढीच भरते. वजन तेच राहिलं, पण पाणी, आम्ल, प्रथिनं आणि पेशीचं पटल यांना भिडणारी जागा हजारपट झाली. त्यातून पृष्ठभागावरच्या अणूंचे काही बंध मोकळे असतात, त्यामुळे ते लवकर सुटतात आणि लवकर अभिक्रिया करतात.

बाटलीवर लिहिलेला आकार मात्र पेशीपाशी टिकेलच असं नाही. क्षार असलेल्या द्रावणात कणांवरचा विद्युतभार झाकला जातो आणि कण एकमेकांना चिकटून गठ्ठे बनतात. कॅल्शियमसारखा दोन भारांचा आयन असेल तर हे फारच लवकर होतं. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात नॅनो खत टाकून पंप तासभर तसाच ठेवला, तर शेवटी फवारले जातात ते बऱ्याच अंशी गठ्ठेच. रक्तात किंवा पेशी वाढवण्याच्या माध्यमात आणखी एक गोष्ट घडते. काही सेकंदांतच अल्ब्युमिनसारखी प्रथिनं कणावर चढतात. शुद्ध पाण्यात, सामू (पीएच) ७ च्या आसपास, झिंक ऑक्साइडचा कण धनभारित असतो आणि ऋणभारित पेशीपटलाला सहज चिकटतो. प्रथिनं चढल्यावर तोच ऋणभारित होतो. पेशीला भेटतो तो हा प्रथिनं चढलेला कण. त्यामुळे पाण्यात मोजलेला झीटा पोटेन्शियल, म्हणजे कणाच्या पृष्ठभागाच्या भाराचं माप, छापून ‘म्हणून कण पेशीला चिकटला’ असं लिहिणं बरोबर नाही. मोजमाप त्याच माध्यमात करायला हवं.

आत गेल्यावर

आपल्या शरीरातली पेशी कणाला पटलाच्या खळग्यात ओढून घेते. त्या खळग्याची पिशवी होते आणि ती शेवटी लयकारिकेला, म्हणजे लायसोसोमला, जाऊन मिळते. पेशीद्रवाचा सामू ७.२ च्या आसपास असतो, तर लयकारिकेत तो ४.५ ते ५ असतो. झिंक ऑक्साइडची खरी गोष्ट इथे सुरू होते. सामू ७ ला लिटरमागे काही मिलिग्रॅमच विरघळणारा हा पदार्थ आम्लात झपाट्याने विरघळतो.

जस्त पेशीला हवंच असतं. पण पेशीतलं जवळजवळ सगळं जस्त प्रथिनांनी धरून ठेवलेलं असतं, मोकळं जस्त नॅनोमोलर किंवा त्याहूनही कमी. ते धरून ठेवण्याचं मोठं काम मेटॅलोथायोनीन नावाचं प्रथिन करतं. कण विरघळला की एकाच जागी भरमसाट जस्त सुटतं. लयकारिकेचं पटल फाटतं, जस्त तंतुकणिकांपर्यंत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियापर्यंत, जातं, तिथली ऊर्जानिर्मिती अडते, पेशीचं इंधन असलेला एटीपी घटतो आणि इलेक्ट्रॉनची गळती होऊन सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी क्रियाशील ऑक्सिजनची रूपं वाढतात. जस्त स्वतः इलेक्ट्रॉन घेत-देत नाही, ते दुसऱ्यांचं काम बिघडवतं. त्यामुळे मात्रा वाढवत गेलं की जिवंत पेशींचा आलेख एकदम कोसळतो. अनेक प्रकारच्या पेशींमध्ये मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅमवर काहीच दिसत नाही आणि १० ते २० च्या दरम्यान पेशी झपाझप मरतात. धरून ठेवणाऱ्या प्रथिनांची क्षमता संपते तोच हा टप्पा. १०, ५० आणि १०० अशाच मात्रा घेणाऱ्याला तो सापडत नाही.

कॉपर ऑक्साइडही आम्लात विरघळतं, पण तांबं जस्तापेक्षा जास्त त्रासदायक. ते दोन रूपांत फिरत राहतं आणि प्रत्येक फेरीत हायड्रोजन पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलक (फ्री रॅडिकल) बनवू शकतं. हे मूलक समोर येईल त्याला तोडतं: पटलातली स्निग्धाम्लं, प्रथिनं, डीएनए. त्यांना आवरणारं ग्लुटाथायोन खर्च होत जातं. नेहमीच्या वापरातल्या ऑक्साइडांमध्ये पेशींवर सर्वांत कडक म्हणून कॉपर ऑक्साइडचंच नाव आधी येतं. (केळीवर आणि द्राक्षावर मारतात ते कॉपर ऑक्सिक्लोराइड वेगळं. ते ऑक्साइड नाही आणि त्याचे कणही सहसा मायक्रॉनमध्ये असतात.)

लोहाचं वागणं पुन्हा निराळं. पेशीकडे लोह साठवायला फेरिटिन आहे, त्यामुळे हळूहळू सुटलेलं लोह ती पचवते. ग्रामीण रुग्णालयात रक्तक्षय झालेल्या गरोदर बाईला शिरेतून देतात त्या आयर्न सुक्रोजमध्ये लोहाच्या हायड्रॉक्साइडचा नॅनो आकाराचा गाभा आणि त्यावर साखरेचं आवरण असतं. आयर्न ऑक्साइडचंच कर्बोदकाचं आवरण असलेलं फेरुमॉक्सिटॉल अमेरिकेत २००९ मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी मंजूर झालं. आवरण नसेल किंवा लोह एकदम सुटलं, तर तेच लोह तांब्यासारखं हायड्रॉक्सिल मूलकं बनवतं.

टायटॅनियम डायऑक्साइड विरघळत नाही. अंधारात ते बरंचसं शांत असतं, मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम घालूनही पुष्कळदा पेशी जिवंत राहतात. पण त्याच्या अॅनाटेज रूपावर ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा अतिनील प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन उडतो आणि पृष्ठभागावर मूलकं तयार व्हायला लागतात. म्हणून सनस्क्रीनमधल्या कणांना सिलिका किंवा अॅल्युमिनाचा लेप देतात. प्रयोग खिडकीशेजारी केला की कपाटात ठेवून, हे न लिहिलेला टायटॅनियमचा निकाल वाचण्यात अर्थ नाही. सेरियम ऑक्साइड तर उलट्या दिशेनेही चालतं. त्यात सेरियमची ३+ आणि ४+ ही दोन्ही रूपं असल्याने ते काही परिस्थितीत शरीरातल्या एन्झाइमसारखं मूलकांना निपटतं.

न विरघळणाऱ्या ऑक्साइडांपैकी कोणतं घातक ठरेल याचा अंदाज बांधता येतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४ ऑक्साइड तपासली गेली. ज्यांच्या वहनपट्ट्याची (मोकळे इलेक्ट्रॉन फिरतात त्या पातळीची) ऊर्जा पेशीतल्या रेडॉक्स, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या देवघेवीच्या, पल्ल्यात (उणे ४.१२ ते उणे ४.८४ इलेक्ट्रॉनव्होल्ट) येते ती पेशीकडून इलेक्ट्रॉन सहज ओढतात. कोबाल्ट, क्रोमियम, निकेल आणि मँगनीजची काही ऑक्साइडं त्यात निघाली. जस्त आणि तांब्याची मात्र विरघळण्याच्या जोरावर घातक ठरली. कण लहान आहे की मोठा एवढ्यावरून हे कधीच कळलं नसतं.

जिवाणूंचं गणित वेगळं आहे. त्यांची भिंत ताठ असते, कण गिळण्याची सोय नाही आणि आम्लाची पिशवीही नाही. तिथे काम करतात ते बाहेर सुटलेले आयन, पृष्ठभागावर बनलेलं पेरॉक्साइड आणि भिंतीला झालेली इजा.

प्रयोगशाळेत कुठे चुकतं

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही विज्ञान महाविद्यालयात ‘हरित पद्धतीने’ झिंक ऑक्साइड बनवणं सहज जमण्यासारखं आहे. केळीच्या साली इथे फुकट. सालीचा काढा गाळायचा, त्यात झिंक नायट्रेट घालून ६० ते ८० अंशांवर ढवळत राहायचं, लगदा वाळवायचा आणि मफल भट्टीत ४०० अंशांवर दोन तास ठेवायचा. एक्स-रे विवर्तनात ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांना शिखरं दिसली की झिंक ऑक्साइड झालं. या शिखरांच्या रुंदीवरून शेररच्या सूत्राने मिळतो तो स्फटिकाचा आकार. एका कणात असे अनेक स्फटिक असू शकतात, म्हणून त्याला कणाचा आकार म्हणू नये. आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. ४०० अंशांवर भाजल्यावर सालीतली सेंद्रिय द्रव्यं बहुतेक जळून जातात. मग ‘सालीतल्या पॉलिफेनॉलच्या आवरणामुळे परिणाम झाला’ हे वाक्य कशाच्या आधारावर? आणि भाजलं नसेल तर त्या पॉलिफेनॉलचा स्वतःचा परिणाम वेगळा मोजावा लागतो.

जिवाणूंवरची चाचणी अगरच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) थरात भोक पाडून करतात, तीही फसवी. नॅनोकण अगरमधून फारसे सरकत नाहीत. दिसणारं स्वच्छ वर्तुळ बहुधा विरघळलेल्या आयनांचं असतं. द्रव माध्यमात किमान रोधक मात्रा, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी सगळ्यात कमी मात्रा, काढणं जास्त भरवशाचं.

पेशींसाठी कण पसरवताना युरोपात रुळलेली एक कृती वापरावी: मिलिलिटरला २.५६ मिलिग्रॅम पूड, आधी थोड्या इथेनॉलने ओली करून, ०.०५ टक्के अल्ब्युमिनच्या पाण्यात, प्रोब सोनिकेटरखाली (ध्वनिलहरींनी गठ्ठे फोडणाऱ्या यंत्राखाली) १६ मिनिटं. भांडं बर्फात हवंच, नाहीतर उष्णतेने अल्ब्युमिन बिघडतं. सोनिकेटरचं टोक टायटॅनियमचं असतं आणि झिजतं. म्हणून टायटॅनियमचा अभ्यास असेल तर नुसतं पाणीही तेवढाच वेळ सोनिकेट करून तपासावं. द्रावण लगेच वापरावं आणि प्रत्येक वेळी पिपेट बुडवण्याआधी हलवावं, कारण कण तळाला बसतात. तळाला बसणं प्लेटमध्येही होतं आणि पेशीही तळालाच असतात. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये एका खळग्याचं क्षेत्र ०.३२ चौरस सेंटिमीटर असतं. मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम असलेलं १०० मायक्रोलिटर द्रावण टाकलं आणि सगळे कण बसले, तर पेशींवर चौरस सेंटिमीटरला १५.६ मायक्रोग्रॅम येतात. दोन प्रयोगांची तुलना करताना हाच आकडा कामी येतो.

किती पेशी जिवंत आहेत ते पाहण्याच्या एमटीटी चाचणीत जिवंत पेशी एमटीटी या पिवळ्या रंगद्रव्यापासून जांभळं फॉर्मझान बनवते. साधारण तीन-चार तासांनी ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचतात. पण टायटॅनियमचे कण स्वतःच प्रकाश विखुरतात, वाचन वाढतं आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. काही कण पेशी नसतानाही रंग बदलतात. उपाय सोपा आहे: पेशी नसलेल्या खळग्यांत कण आणि रंग एकत्र ठेवून बघायचं, आणि वाचनाआधी प्लेट फिरवून वरचं द्रावण नव्या प्लेटमध्ये घ्यायचं. फुटलेल्या पेशीतून गळालेलं एलडीएच हे एन्झाइम मोजण्यात नेमकी उलटी फसगत. तांबं त्या एन्झाइमलाच निकामी करतं, त्यामुळे पेशी फुटलेल्या असूनही गळती दिसत नाही. दोन वेगळ्या तत्त्वांवरच्या चाचण्या जुळत नाहीत तोवर आकडा छापू नये.

सगळ्यात जास्त वेळा राहून जाणारी तुलना म्हणजे आयनांची. झिंक ऑक्साइडमध्ये वजनाने ८० टक्के जस्त असतं. म्हणजे मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम कणांमध्ये ४० मायक्रोग्रॅम जस्त, आणि तेवढंच जस्त झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेटच्या १७६ मायक्रोग्रॅममधून मिळतं. या द्रावणाने पेशी तितक्याच मेल्या तर श्रेय ‘नॅनो’ला देता येत नाही. जास्त काटेकोर व्हायचं असेल तर माध्यमात २४ तासांत प्रत्यक्ष किती जस्त विरघळलं ते कण अडवणाऱ्या ३ किलोडाल्टनच्या गाळणीतून काढून अणुशोषण यंत्रावर मोजावं. माध्यमात फॉस्फेट असेल तर जस्ताचा फॉस्फेट खाली बसतो, तोही हिशोबात धरावा.

पेशी वाढवण्याची सोय नसेल तर कांदा आहे. धुळे-चाळीसगावकडचे लहान, निरोगी कांदे घ्यावेत. सुकी सालं काढावीत आणि तळाची जुनी मुळं हलकेच खरवडावीत, पण मुळं फुटतात त्या कडेला इजा होऊ द्यायची नाही. तळ फक्त पाण्याला टेकेल असा कांदा डिस्टिल्ड पाण्यावर ठेवावा. मुळं दीड-दोन सेंटिमीटर झाली की लिटरला १०, २५, ५० आणि १०० मिलिग्रॅमच्या द्रावणात २४ तास, एक संच नुसत्या पाण्यात आणि एक झिंक सल्फेटमध्ये. मग शेवटचे दोन-तीन मिलिमीटर कापून तीन भाग इथेनॉल आणि एक भाग अॅसिटिक आम्लात एक दिवस ठेवायचे. १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांवर पाच ते आठ मिनिटं मऊ करायचे, अॅसिटोकार्मिनने रंगवायचे आणि काचेखाली दाबायचे. प्रत्येक स्लाइडवर हजार पेशी मोजून विभाजन चाललेल्या पेशींची टक्केवारी काढायची. कांद्याची गुणसूत्रं सोळाच आणि मोठी, त्यामुळे चिकटलेली गुणसूत्रं, दोन ध्रुवांमधला पूल, मागे राहिलेला तुकडा किंवा लहान केंद्रक साध्या सूक्ष्मदर्शकातही ओळखू येतं. टक्केवारी पाण्यातल्या संचाच्या निम्म्याखाली गेली तर इजा गंभीर समजावी. मऊ करायला जास्त वेळ गेला तर पेशी विरघळतात, कमी गेला तर दबत नाहीत. आणि हा प्रयोग हिवाळ्यात करावा. एप्रिल-मेमध्ये इथल्या खोलीत ३८ अंशांवर कांद्याचं विभाजन आपणच बिघडतं आणि दोष कणाला जातो.

काळ्या मातीत

तापीकाठच्या काळ्या जमिनींचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो आणि चुनखडीही भरपूर. अशा जमिनीत विरघळलेलं जस्त चिकणमातीला बांधलं जातं किंवा कार्बोनेट, फॉस्फेट होऊन बसतं. म्हणून तर इथे जस्ताची कमतरता दिसते. माती परीक्षणात डीटीपीए जस्त (डीटीपीए द्रावणाने मातीतून निघणारं, पिकाला मिळू शकणारं जस्त) ०.६ पीपीएमखाली आलं की कमतरता धरतात. तोच सामू नॅनो झिंक ऑक्साइडलाही लागू आहे, मातीत टाकलं तर तेही अडकतं. म्हणून ते पानावर फवारण्यात जास्त अर्थ. पर्णरंध्रं काही मायक्रॉनची असतात, पण पानाच्या मेणचट थरातली छिद्रं जेमतेम काही नॅनोमीटरची. आत जाणारं जस्त बरंचसं पानावर विरघळूनच जातं. लेबलवर जस्त कोणत्या रूपात आहे ते वाचावं, कारण नॅनो झिंक नावाच्या प्रत्येक बाटलीत ऑक्साइडच असतं असं नाही. आणि ‘नॅनो आहे, जास्त मारलं तरी चालतं’ हे चूक आहे. कोरड्या पानात किलोला २० मिलिग्रॅमखाली जस्त कमी पडतं, पण ३०० च्या पुढे ते पिकालाच बाधायला लागतं.

कातडी आणि फुप्फुस

कातडीबद्दल थोडक्यात: वरचा मेलेल्या पेशींचा थर १० ते २० मायक्रॉनचा असतो आणि सनस्क्रीनमधले कण त्यातच अडकून राहतात. कातडी धड असेल तर मेच्या उन्हात सनस्क्रीन टाळायला हे कारण पुरत नाही. स्प्रेचं तसं नाही, कारण तो श्वासात जातो. टायटॅनियम डायऑक्साइडबद्दलची चिंताही मुख्यतः श्वासाचीच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्ये ते ‘कदाचित कर्ककारक’ गटात टाकलं, ते उंदरांच्या फुप्फुसांवरच्या प्रयोगांवरून. खाण्यातल्या पांढऱ्या रंगावर, ई १७१ वर, युरोपने २०२२ मध्ये बंदी घातली. तिथे कारण असं की डीएनएला इजा होत नाही हे खात्रीने सांगता येईना.

श्वासातून सगळ्यात जास्त झिंक ऑक्साइड घेतात ते वेल्डर. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पोलाद १५०० च्या आसपास वितळतं. म्हणजे जीआय पाइप किंवा पत्र्यावर आर्क लागला की पोलाद वितळण्याआधीच जस्ताची वाफ होते, हवेत जळते आणि काही दहा नॅनोमीटरच्या कणांच्या साखळ्या होऊन पांढऱ्या धुरात तरंगते. फुप्फुसातल्या भक्षक पेशी ते गिळतात, ते आत विरघळतं आणि त्या पेशी दाहाचे संदेश सोडतात. साधारण चार ते दहा तासांनी थंडी, ताप, अंगदुखी आणि तोंडाला धातूची चव येते. सवयीने काहीशी सहनशक्ती येते, पण एक-दोन दिवसांच्या सुट्टीत ती जाते. म्हणून हा ताप सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जोर करतो.

धुरावर दूध किंवा गूळ घेतात. ते पोटात जातं, फुप्फुसातल्या कणाला त्याने काही होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल इतके बारीक कण अडवत नाही. एन-९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. त्याआधी जोडाच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर जस्ताचा थर घासून काढावा, तो घासतानाही मास्क असू द्यावा. काम उघड्यावर करावं आणि पंखा बाजूने असा लावावा की धूर तोंडासमोरून जाणार नाही. कूलरचं स्टँड, टाकी किंवा शेडचं काम बंद खोलीत करू नये. ताप एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. ४८ तासांनंतरही उतरला नाही किंवा दम लागायला लागला, तर ते जस्ताचं नसेल. जुन्या मुलामा दिलेल्या बोल्टवरचं कॅडमियमही अशीच सुरुवात करतं आणि मग फुप्फुसात पाणी भरतं. अशा वेळी डॉक्टरकडे गेल्यावर कशावर वेल्डिंग केलं ते आधी सांगावं, नाहीतर मलेरियाच्या आणि टायफॉइडच्या तपासण्यांतच वेळ जातो.